टोमण्यांनी वजन उतरत नाही, चालणं मात्र बंद होतं

आपल्याकडे कुणाच्या पगाराबद्दल विचारायचं तर माणसं जरा आवाज खाली आणतात, कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर आडून आडून चौकशी करतात, पण वजनाचं तसं नाहीये. वजनावरून कुणीही कुणालाही कुठेही बोलू शकतं. लिफ्टमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, भाजीवाल्यासमोर, मुलांच्या पॅरेंट्स मीटिंगला. "अगं किती सुटलीस!" हे "कशी आहेस" च्या जागी चालून जातं. आणि समोरच्याचा चेहरा जरा पडला की लगेच पुढचं वाक्य तयार असतं, तुझ्या तब्येतीसाठीच बोलतेय गं, नाहीतर मला काय करायचंय.

मला या तब्येतीवरच लिहायचंय. कारण मन दुखतं म्हणून सांगायला गेलं की एवढं काय मनाला लावून घ्यायचं असं उत्तर येतं. ठीक आहे, मन बाजूला ठेवू थोडा वेळ. फक्त तब्येतच बघू. माणूस चालतो किती, खातो कसा, झोपतो कसा, वेळेवर डॉक्टरकडे जातो का, तपासण्या करून घेतो का. ज्याला आपण चांगल्या सवयी म्हणतो त्या सगळ्या, आणि वजनावरून सतत बोलणी खाणाऱ्या माणसाच्या या सवयींचं पुढे काय होतं ते. मी स्वतः लहानपणापासून मोठ्या अंगाची, आमच्या घरात आजीपासून सगळ्या बायका अशाच, त्यामुळे हे मी घरातच बघत आलेय, आणि यावर जे संशोधन झालंय तेही जमेल तसं वाचत असते.

चालण्यापासून सुरू करते कारण सल्ला देणारा प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो. रोज अर्धा तास चाल, फुकट आहे, सोपं आहे.

माझी वहिनी साताऱ्याकडे असते. शुगर बॉर्डरवर आली म्हणून तिने मनावर घेतलं, नवे बूट आणले, सकाळी ग्राउंडवर जायला लागली. तिथे पहाटेपासून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. त्यातली बहुतेक आपल्या नादात असतात, पण एक टोळकं होतं, ते वहिनी समोरून आली की पावलांच्या तालावर तोंडाने आवाज काढायचं, "ए भूकंप आला, बाजूला व्हा" म्हणायचं. मग ती ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला चालायला लागली, मग उशिरा जायला लागली, तर तेव्हा उन्हं वर आलेली आणि डब्याची गडबड. एका सकाळी त्यातल्या एकाने मोबाईल धरून शूटिंग केलं आणि त्या दिवसापासून तिचं जाणं बंद झालं. घरी तिने सांगितलं गुडघा दुखतोय. घरातले म्हणाले बघा, चार दिवसांचा उत्साह, आळस दुसरं काय. मला तिने खरं कारण सांगितलं ते कितीतरी महिन्यांनी, तेही आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो, बाकी कुणी नव्हतं म्हणून.

आता यात आळस कुठे आहे सांगा. ती पहाटे उठत होती, अंधारात घराबाहेर पडत होती. आणि मोठ्या अंगाच्या बाईने नुसतं चालायला निघायचं म्हटलं तरी आधी किती गोष्टी जमवाव्या लागतात ते बारीक माणसांना माहीतच नसतं. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात, उन्हाळ्यात तर इतकी आग होते की दुसऱ्या दिवशी पाऊल उचलवत नाही, म्हणून आतून गुडघ्यापर्यंतची शॉर्ट घालायची, नाहीतर व्हॅसलीन चोपडून निघायचं. नीट आधार देणारी ब्रा त्या मापात तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, आणि मागितली तर दुकानदार भरल्या दुकानात माळ्यावरच्या पोराला ओरडून सांगतो, "मोठ्यात मोठं काय आहे ते टाक रे खाली". ट्रॅक पँट पुरुषांच्या विभागातून घ्यायची, लांबी कापून आणायची. एवढं सगळं करून बाई ग्राउंडवर पोचली आणि तिथे तिला भूकंप म्हटलं जातं. ती परत नाही गेली तर मला तरी त्यात नवल वाटत नाही.

वजनावरून बोलणी खाल्लेली माणसं व्यायाम टाळायला लागतात हे काही माझ्या वहिनीपुरतं नाहीये. २००८ साली कॉलेजच्या मुलींवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की ज्या मुलींच्या वाट्याला वजनावरून हेटाळणी जास्त आली होती त्या व्यायामापासून जास्त लांब पळत होत्या, आणि हे त्यांच्या प्रत्यक्ष वजनाचा हिशोब बाजूला काढल्यावरही दिसत होतं. म्हणजे अंगाने सारख्याच दोन मुली घेतल्या तर जिला जास्त हिणवलं गेलं तीच घरात बसण्याची शक्यता जास्त. जिमबद्दल वेगळं लिहीत नाही, आमच्या डोंबिवलीतल्या एका जिममध्ये माझ्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी इन्स्टाग्रामवर टाकायला "आधीचा" फोटो मागितला होता, बाजूला उभं राहून पोट बाहेर दिसेल असा. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही, फी गेली.

आता खाण्याचं बघू. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण गैरसमज इथेच सगळ्यात जास्त आहेत.

मोठ्या अंगाची बाई चारचौघांत कशी खाते ते कधी नीट बघितलंय का? लग्नात ताटात अर्धी पोळी, थोडी कोशिंबीर, भाताला नाही. जिलेबी वाढायला आलेल्या माणसाने वाढण्याआधी एकदा तिच्याकडे बघितलं की तीच हात आडवा करते. शेजारचं कुणीतरी म्हणतंच, अगं खा की, तुझं काय एका जिलेबीने वाढणार आहे आता. हे ऐकल्यावर ती जिलेबी खाल्ली तरी त्रास, नाही खाल्ली तरी त्रास. ऑफिसात डबे उघडले की तिच्या डब्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यामुळे काकडी, टोमॅटो, मोड आलेली मटकी. सकाळी गाडी पकडायच्या घाईत नाश्ता झालेला नसतो. संध्याकाळी गर्दीच्या लोकलमधून लटकत घरी पोचेपर्यंत पोटात आग पडलेली असते आणि मग रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून फरसाणचा डबा, फ्रिजमधली बासुंदी, शिळ्या पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी. बसून नाही, ताट घेऊन नाही, उभ्याउभ्या, भराभरा, चव न घेता. असं खाणाऱ्या किती बायका मला माहीत आहेत, आणि त्यातल्या एकीलाही दिवसाढवळ्या सगळ्यांबरोबर पोटभर जेवायची मोकळीक नाही. दिवसभर उपाशी आणि रात्री एकदम, याच्याइतकी शुगर वरखाली करणारी सवय दुसरी कुठली असेल असं मला वाटत नाही, आणि ही सवय लागली ती लोकांच्या नजरेने.

याच्यावर थेट प्रयोग झालेला आहे. २०११ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला जाड माणसांची टिंगल करणारे टीव्हीवरचे तुकडे दाखवले, दुसऱ्या गटाला साधे, काही विशेष नसलेले. मग समोर खाऊ ठेवला. ज्या जास्त वजनाच्या बायकांनी टिंगलीचा व्हिडिओ बघितला होता त्यांनी, साधा व्हिडिओ बघितलेल्या तशाच वजनाच्या बायकांच्या तुलनेत, तिपटीहून जास्त कॅलरी खाल्ल्या. लाज वाटली की माणूस कमी खाईल असा आपल्याकडे ठाम समज आहे ना, तो इथे उलटा पडतो.

असं का होतं ते कळायला अवघड नाही. हिणवलं जाणं हा ताण आहे, आणि ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हॉर्मोन वाढतं, त्याने भूक वाढते, त्यातही गोड आणि तळलेलं हवंसं वाटतं, झोप बिघडते, चरबी पोटाभोवती साठायला मदत होते. वजन वाढतं, मग अजून बोलणी, मग अजून ताण. जॅनेट टोमियामा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये हे चक्रच मांडून दाखवलंय. त्याच वर्षी इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आला, पन्नाशीपुढच्या जवळजवळ ३००० लोकांचा. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं ज्यांनी सांगितलं त्यांचं वजन चार वर्षांत सरासरी ०.९५ किलोने वाढलं आणि ज्यांना तसा अनुभव नव्हता त्यांचं ०.७१ किलोने कमी झालं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ६००० हून जास्त लोकांचा अभ्यास झाला होता, त्यात सुरुवातीला लठ्ठपणा नसलेल्या पण वजनावरून भेदभाव सोसलेल्या लोकांमध्ये पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता अडीच पट निघाली. आता अशा पाहणीवरून अमुकमुळेच तमुक झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही हे मलाही कळतं. पण टोमण्यांनी माणसं बारीक होत असती तर आकडे कुठेतरी त्या बाजूला झुकले असते की नाही? ते सगळे दुसऱ्याच बाजूला झुकलेत.

आणि डाएट. आपल्याकडे डाएटची लाट दर दोन-तीन वर्षांनी बदलते. कधी दिवसातून दोनदाच जेवायचं आणि पंचावन्न मिनिटांत उरकायचं, कधी किटो, कधी सात दिवस नुसती फळं आणि कोबीचं सूप. कुठलं चांगलं कुठलं वाईट या वादात मला पडायचं नाही, काहींना काही लागू पडतं. माझं म्हणणं एवढंच की लाजेपोटी केलेलं डाएट माणूस तारखेवर नजर ठेवून करतो. चुलत बहिणीचं लग्न आहे, त्याआधी आठ किलो. बघायला येणार आहेत, त्याआधी पाच. लग्न होतं, कौतुक होतं, मग वजन परत यायला लागतं आणि माणूस लोकांना टाळायला लागतो, समारंभ टाळतो, फोटो टाळतो. वजन परत येण्यात जिद्द कमी पडल्याचा भाग किती आणि शरीराचा किती हेही जरा समजून घ्यायला हवं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन घटवल्यावर भूक वाढवणारी हॉर्मोन्स वर जातात, पोट भरल्याचं सांगणारी खाली येतात, आणि एक वर्षानंतरही ती पूर्वीसारखी झालेली नसतात. शरीर वर्षभर भूक भूक म्हणून ओरडतंय आणि बाहेरून लोक म्हणतायत तोंडावर ताबा नाही. थायरॉईड, पीसीओडी, मानसिक आजारांवरची काही औषधं, स्टिरॉइड, रात्रपाळ्या, अपुरी झोप, आनुवंशिकता, वजन वाढवणाऱ्या अशा कारणांची तर गणतीच नाही.

यापुढचा भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर आहे, डॉक्टरकडे जाण्याचा.

माझी मावशी साठीची. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि एकदा तिला अंगावरून गेलं. थोडंसंच. पाळी गेल्यानंतर रक्त जाणं ही ताबडतोब दाखवायची गोष्ट आहे, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं ते पहिलं लक्षण असू शकतं, आणि या कॅन्सरचा धोका जास्त वजनाच्या बायकांमध्ये जास्त असतो. मावशी शिकलेली आहे, शाळेत शिक्षिका होती, तिला हे माहीत होतं. तरी ती गप्प बसली, कारण त्याआधी एकदा ती तपासायला गेली होती तेव्हा टेबलावर चढताना तिथल्या डॉक्टर मॅडम सिस्टरला म्हणाल्या होत्या, सांभाळा हं, टेबल मोडायचं. नंतर आतून तपासताना परत, एवढ्या चरबीत काय हाताला लागणार. मावशी त्या टेबलावर पाय वर करून पडलेली होती. त्या अवस्थेत ते ऐकल्यावर तिने ठरवलं की पुन्हा म्हणून त्या टेबलावर चढायचं नाही. दुसरं रक्त गेलं, तिसरं गेलं. शेवटी चादर धुवायला टाकताना माझ्या मावसबहिणीला डाग दिसला आणि तिने जवळजवळ ओढत दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी, मग बायोप्सी. अस्तर जाड झालेलं होतं, कॅन्सर नव्हता, गोळ्यांवर भागलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आमच्या घरात कसे गेले ते मी लिहीत नाही.

म्हणजे ज्या बाईने सगळ्यात आधी डॉक्टरकडे पोचायला हवं तीच सगळ्यात उशिरा पोचते. परदेशातल्या अभ्यासांत हेच निघालंय, जास्त वजनाच्या बायका गर्भाशयमुखाची तपासणी पुढे ढकलतात आणि त्याची कारणं त्या सांगतात ती अशीच: अपमान, नको तो सल्ला, अंगाला न पुरणारा गाऊन, छोटं टेबल. आपल्या देशात तर तपासण्यांची आधीच बोंब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका होत्या १.९ टक्के. आणि त्याच पाहणीत जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ बायका २४ टक्के. इतक्या कमी बायका तपासायला येतात, त्यात आलेल्या बाईला टेबल मोडेल म्हणायचं?

दुसरी गोष्ट म्हणजे काहीही झालं तरी उत्तर एकच, वजन कमी करा. गुडघ्याला ठीक आहे, समजू शकते. पण माझ्या एका सहकाऱ्याला सतत दम लागत होता, त्यालाही तेच सांगून घरी पाठवलं, एक्स-रे नाही, रक्त नाही, हिमोग्लोबिन कमी होतं ते दुसऱ्या डॉक्टरांनी काढलं. वजन दिसलं की पुढचं तपासणं थांबतं. आणि माणूस पण मग शिकतो, की जाऊन उपयोग नाही, तेच ऐकायला मिळणार, आधी पाच किलो कमी करू आणि मग जाऊ. ते पाच किलो काही कमी होत नाहीत आणि डॉक्टर राहून जातो. वजन घटवून मग डॉक्टरकडे जाणार हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवते.

बरं, या सगळ्यात बारीक माणसांचंही नुकसान होतं, ते कुणी बोलतच नाही. आपल्या पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक, केईएम हॉस्पिटलमधले, त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉक्टर युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा एक फोटो छापला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघे सडपातळ. याज्ञिक सरांनी पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या आया आणि बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलंय की आपली बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्यात चरबीचं प्रमाण जास्त असतं. म्हणून तर आपल्याकडे बारीक माणसांना पण सर्रास डायबेटिस होतो. पण आपल्या घराघरांत तब्येत म्हणजे आकार हे इतकं पक्कं बसलंय की काटकुळ्या काकांना कुणी शुगर तपास म्हणत नाही. आमचे एक शेजारी, हाडं दिसायची एवढे बारीक, सोसायटीत सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे, बघा कसे फिट आहेत. पायाची जखम भरेना म्हणून दाखवायला गेले तेव्हा शुगर साडेतीनशे. जाड बाईला सगळे रोज सांगणार आणि बारीक माणसाला कुणीच नाही, दोघांचीही तपासणी राहून गेली.

मुलांचं बोलायलाच हवं. आपल्याकडे बाळ गुटगुटीत हवं. बाळसं धरलेलं बाळ दिसलं की कौतुक, बारीक बाळ असलं की आईला दोष, दूध पुरत नाही का म्हणून. आणि तेच मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की एका दिवसात सगळ्यांचा सूर बदलतो. विशेषतः मुलगी असेल तर. तिला कळतच नाही की कालपर्यंत ज्या गालांचे मुके घेत होते त्यांच्यावर आज का बोलतायत. शाळेत वजन-उंची घेताना सर आकडा मोठ्याने वाचतात, दुसरं कुणीतरी वहीत लिहितं, सगळा वर्ग ऐकतो. गॅदरिंगला नाचात मागच्या रांगेत. खो-खोमध्ये घ्यायलाच नको, पळता येत नाही तिला. मग ती पी.टी.च्या तासाला पोटात दुखतंय सांगून वर्गात बसायला लागते, आणि खेळण्याशी असलेला तिचा संबंध तिथेच तुटतो, तो पुढे जन्मभर जुळत नाही. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त मुलींवरचा अभ्यास २०१४ साली आला होता. दहाव्या वर्षी ज्यांना घरातल्या, शाळेतल्या, मैत्रिणींमधल्या कुणीतरी "तू फार जाड आहेस" म्हटलेलं होतं त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त होती, आणि सुरुवातीचं वजन हिशोबात धरूनही जास्त होती. घरातल्यांच्या बोलण्याचा परिणाम तर बाहेरच्यांपेक्षा जास्त दिसला. आई, आजी, आत्या, सगळ्यांनी हे एकदा वाचावं असं मला फार वाटतं. पोरीला मैदानात जाऊ द्या, सायकल द्या, घरात सगळ्यांसाठी एकच जेवण करा. ताटात तिला वेगळं आणि भावाला वेगळं नको.

आता मला माहितीये यावर काय विचारलं जाणार. मग काय बोलायचंच नाही का, जास्त वजनाने आजार होत नाहीत का? होतात. डायबेटिस, ब्लड प्रेशर, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, गुडघे, लिव्हरवर चरबी, सगळं खरं आहे, आमच्या घरात यातलं बरंच काही आहे आणि आम्ही औषधं घेतो. वजनाकडे दुर्लक्ष करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी म्हणतेय की ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी आपल्या बोलण्याचा परिणाम तपासून बघावा. २०२० मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन एक निवेदन काढलं, त्यात हेच स्पष्ट म्हटलंय की वजनावरून हिणवण्याने शरीराचं आणि मनाचं नुकसान होतं आणि उपचारांपासून माणूस लांब जातो.

आणि उपचार घेतले तरी सुटका नाही हे आता नव्याने दिसतंय. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये तसंच दुसरं, वेगोवी. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शन सुरू केलं, शुगर पण होती, वजन उतरायला लागलं. तर आता ऐकायला काय मिळतं, शॉर्टकट मारला, आम्ही बघा कसं मेहनतीने केलं. ब्लड प्रेशरची गोळी घेणाऱ्याला कुणी शॉर्टकट म्हणत नाही. त्या बाई आता इंजेक्शन घेतात हे सासरी लपवतात, फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली ठेवतात. मळमळ होते, कधी उलटी होते, तेही कुणाला सांगता येत नाही. औषध चालू असताना त्रास लपवणं किती धोक्याचं आहे.

नीट बोलता येतं, मी बघितलंय. मावशीला पुढे ज्या डॉक्टर मिळाल्या त्यांनी पहिल्या भेटीत वजनाचा विषयच काढला नाही. जे दाखवायला आली होती ते आधी पूर्ण तपासलं. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत विचारलं, वजनाबद्दल बोललं तर चालेल का तुम्हाला? मावशी म्हणाली माझ्या आयुष्यात हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. कॅनडाने २०२० मध्ये लठ्ठपणाच्या उपचारांसाठी डॉक्टरांना जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात पहिली पायरी हीच आहे, आधी परवानगी विचारा. त्या डॉक्टरांकडे वजनकाटा आतल्या खोलीत आहे, वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही, खुर्च्यांना हात नाहीत, आणि त्या आकडा मोठ्याने वाचत नाहीत. त्यांनी मावशीला किलो मोजायला नाही सांगितले, चालून आल्यावर झोप कशी लागते आणि शुगर किती येते ते लिहायला सांगितलं. मावशी अजून चालते. वजन फारसं बदललेलं नाही, शुगर बदलली.

जाता जाता एक कामाची गोष्ट, कारण ही फारच कमी लोकांना माहीत असते. बीपी मोजताना दंडाला जो पट्टा बांधतात त्याचं माप असतं. दंड मोठा आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. २०२३ मध्ये यावर अभ्यास झाला, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. म्हणजे १२५ असलेल्या माणसाचं १४५ दिसेल आणि नको असलेली गोळी सुरू होईल. नेहमीच्या पट्ट्यावर बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं असतं. शिलाईच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा, ३२ च्या वर आला तर दवाखान्यात मोठा पट्टा मागा, न लाजता मागा, तो तुमचा हक्क आहे. नाही म्हणाले तर मेडिकलमध्ये मशिनबरोबर वेगळा मोठा पट्टा मिळतो, मावशी तिचा पर्समध्ये घालून नेते.